पॉवर लाइन कम्युनिकेशन शिकायचंय? आधी लाइनवरचा नॉइज बघा

पीएलसी म्हटलं की बऱ्याच जणांना फॅक्टरीतला ऑटोमेशनवाला पीएलसी आठवतो, मी बोलतोय ते विजेच्या वायरीवरूनच डेटा पाठवायच्या टेक्नॉलॉजीबद्दल.

माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट यावरच होता. दोन खोल्यांत दोन मोडेम, रात्री मस्त चालायचे आणि संध्याकाळ झाली की पॅकेट गळायला लागायची. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत बसलो, शेवटी रूममेटने शेजारच्या सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर काढला आणि लिंक परत आली. चार्जर, एलईडी बल्ब यांच्या आत सतत स्विचिंग चालू असतं, तो सगळा नॉइज लाइनवर येतो, आणि त्यातला बराचसा ५० हर्ट्झच्या तालावर, म्हणजे सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. म्हणून सांगतो, प्रोटोकॉल पाठ करण्याआधी स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती नॉइज आहे ते, बघायला शिका, ओएफडीएम (डेटा अनेक फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवायची पद्धत) का वापरतात हे आपोआप कळतं.

दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मर. हाय फ्रिक्वेन्सी सिग्नल त्यातून नीट पलीकडे जात नाही, म्हणून घरोघरच्या वीज मीटरचा डेटा गोळा करणारा कॉन्सन्ट्रेटर ट्रान्सफॉर्मरपाशीच बसवतात. फ्रान्सच्या लिंकी या स्मार्ट मीटरमध्ये हेच आहे, आणि युरोपात वीज कंपन्यांना यासाठी ९५ किलोहर्ट्झपर्यंतचा बँड आहे. स्पीड कमी, पण मीटरला रीडिंगचे चार आकडे पाठवायला तेवढा पुरतो.

ब्रॉडबँडचं गणित वेगळं. तिथे काही मेगाहर्ट्झमध्ये जावं लागतं, उघड्या तारा मग अँटेनासारख्या वागतात आणि हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना, त्रास होतो. अमेरिकेत मनॅसस शहराने अख्ख्या गावाला असं इंटरनेट दिलं होतं, २०१० मध्ये ते बंद केलं. घरातल्या घरात अडॅप्टर लावून वापरायला मात्र हे छान आहे, फक्त बॉक्सवरच्या २०० एमबीपीएसवर जाऊ नका, तो फिजिकल लेयरचा, म्हणजे तारेवरचा कच्चा आकडा असतो, हातात येतं त्याहून बरंच कमी.

जमलं तर एखाद्या मोठ्या सबस्टेशनची व्हिजिट मिळवा. जुन्या लाइनच्या तोंडाशी पिंपासारखी मोठी कॉइल दिसेल, ती वेव्ह ट्रॅप, ५० हर्ट्झला जाऊ देते आणि कॅरिअरला, म्हणजे डेटा वाहणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी सिग्नलला, अडवते, शेजारचा कपलिंग कपॅसिटर बरोबर उलटं करतो. पुस्तकात चार वेळा वाचून मला कळलं नव्हतं ते तिथे पाच मिनिटं उभं राहून कळलं.

आणि एक, कळकळीने सांगतो, ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप कधीही मेन्सला लावू नका. आयसोलेशन असलेला कपलर किंवा डिफरन्शियल प्रोब वापरा, आणि पहिल्यांदा सरांना शेजारी उभं करूनच स्विच ऑन करा.