जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग: हलकी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

पॉलिटेक्निक किंवा बीसीएच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्या अनेकांच्या वाट्याला घरातला जुना लॅपटॉप येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सारख्या अटी असल्यामुळे ही यंत्रे त्यात बसत नाहीत. तेव्हा लिनक्स घ्यायचे हे बहुतेकांचे ठरलेले असते. अडते ते कोणते लिनक्स, या प्रश्नाशी. कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर मी अनेक डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) वापरून पाहिल्या आहेत, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की यंत्राचा वेग ठरतो तो मुख्यतः ब्राउझर, एडिटर आणि हार्ड डिस्क यांच्यामुळे. डिस्ट्रोचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा लहान असतो.

निवडीआधी प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे पाहून घ्यावे. सगळे कोअर टू ड्युओ ६४ बिटचे आहेत, परंतु जुन्या नेटबुकांमधला ॲटम एन२७० केवळ ३२ बिटचा आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण गूगल क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली, व्हीएस कोड हा एडिटरही आता त्यावर मिळत नाही आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. अशा नेटबुकावर डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेली अँटीएक्स २३ टाकून टर्मिनलमध्ये सी आणि पायथन शिकता येते. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

६४ बिट यंत्रासाठी मी नवशिक्यांना डेबियन किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई (एक हलका डेस्कटॉप) आवृत्ती सुचवतो. पपी लिनक्स खरोखर फार हलकी आहे, पण ती परंपरेने रूट (सर्व अधिकार असलेल्या) वापरकर्त्याच्या अधिकारातच चालते आणि कंपायलरसाठी वेगळी फाइल जोडावी लागते. परवानग्या, मालकी आणि सुडो (तात्पुरते रूटचे अधिकार घेण्याची आज्ञा) यांची सवय ज्याला आत्ताच लावून घ्यायची आहे, त्याच्यासाठी ती गैरसोयीची ठरते. लुबुंटूचा डेस्कटॉप सुटसुटीत आहे, परंतु उबुंटू कुटुंबात फायरफॉक्स स्नॅप (सर्व गरजेच्या फायली सोबत बांधलेले पॅकेज) स्वरूपात येतो आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना चांगलाच वेळ खातो. मिंट स्नॅप वापरत नाही, हे तिच्या बाजूने जाणारे एक साधे कारण आहे.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये दोन ठिकाणी थांबून विचार करावा. रूटचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा ती जागा रिकामी सोडल्यास तुमच्या नेहमीच्या खात्यालाच सुडोचा अधिकार मिळतो. पुढे डेस्कटॉप निवडण्याच्या पडद्यावर ग्नोम या जड डेस्कटॉपवर आधीच खूण असते. ती काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपवर खूण करावी. डेबियन १२ पासून वायफायसाठी लागणारे बहुतेक फर्मवेअर (चिप चालवणाऱ्या फायली) इन्स्टॉलरमध्येच असते, तरी काही जुन्या ब्रॉडकॉम चिप अपवाद ठरतात, म्हणून मोबाइल आणि यूएसबी केबल जवळ ठेवावी. यूएसबी टेदरिंगने (मोबाइलचे नेट केबलने लॅपटॉपला देऊन) नेट सहसा लगेच चालू होते. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय, आवाज आणि पडद्याची प्रखरता तपासावी, पण त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये, कारण तिथे सगळे पेनड्राइव्हच्या गतीने चालते.

मेमरीचा हिशेब ‘फ्री’ या आज्ञेने पाहावा. त्यात ‘फ्री’ या रकान्यातला आकडा छोटा दिसला की नवशिके घाबरतात, परंतु पाहायचा असतो तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना, कारण रिकामी रॅम लिनक्स डिस्कवरच्या फायलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच मोकळी करते. एक्सएफसीई सुरू झाल्यावर साधारण अर्धा जीबी रॅम जाते. उरलेली ब्राउझरचे चार-पाच टॅब सहज खातात. म्हणून व्हीएस कोडऐवजी जीनी, थॉनी किंवा व्हिम हा हलका एडिटर वापरावा, आणि झेडरॅम सुरू करावी, जेणेकरून मेमरीची न वापरलेली पाने (छोटे तुकडे) डिस्कवर जाण्याऐवजी कॉम्प्रेस होऊन रॅममध्येच राहतील. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्यावी. कोणतीही डिस्ट्रो बदलून इतका फरक पडत नाही.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अजून टर्बो सी हा जुना कंपायलर चालत असेल, तर लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरवर आल्यावर थोडी धांदल होते. ‘कोनिओ डॉट एच’ ही हेडर फाइल लिनक्सवर नसते, त्यामुळे ‘सीएलआरएससीआर’ आणि ‘गेटसीएच’ असलेले प्रोग्राम कंपाइलच होत नाहीत. त्या ओळी काढाव्यात. दुसरा फरक अधिक बोधप्रद आहे. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांकाचा डेटा टाइप) दोन बाइटचा, म्हणून त्यात ३२७६७ पर्यंतच संख्या मावते. इंटमध्ये साठवलेले ८ चे फॅक्टोरियल तिथे ४०३२० ऐवजी उणे २५२१६ दाखवते. जीसीसीमध्ये इंट चार बाइटचा असल्याने उत्तर बरोबर येते, मात्र १३ च्या फॅक्टोरियलला तिथेही तीच गत होते. दोन्ही यंत्रांवर हा प्रोग्राम चालवून पाहिला, की डेटा टाइपचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

मराठी टायपिंगसाठी आयबस (भाषा-टायपिंगची व्यवस्था) आणि त्याचे एम१७एन पॅकेज टाकले की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. सिस्टीमची भाषा मात्र मी इंग्रजीच ठेवायला सांगतो. त्रुटीचा संदेश जसाच्या तसा शोधता आला पाहिजे. अँड्रॉइड स्टुडिओ आणि डॉकर या यंत्रावर चालवण्याचा हट्ट धरू नये. तेवढ्यापुरते प्रयोगशाळेतले संगणक वापरावेत आणि कोड गिटच्या ऑनलाइन रिपॉझिटरीत ठेवावा, म्हणजे तो दोन्हीकडे उघडता येईल.