शेक टेबलवर प्रयोग करताना या चुका टाळा

स्थापत्य शाखेचे विद्यार्थी भूकंप अभियांत्रिकीसाठी आणि यांत्रिकी-विद्युत शाखांचे विद्यार्थी नियंत्रण प्रणालीसाठी ज्या एकाच यंत्रापाशी येऊन थांबतात, ते म्हणजे मेजावर मावणारे, पाटी एका रेषेत हलवून भूकंपासारखे हादरे देणारे एकदिशा शेक टेबल. त्यात आदेशानुसार नेमकी फिरणारी सर्व्हो मोटर, तिचे फिरणे सरळ सरकण्यात बदलणारा बॉल स्क्रू, रुळांवर सरकणारी ॲल्युमिनियमची पाटी, मोटर किती फिरली ते मोजणारा तिच्यामागचा एन्कोडर आणि पाटीवर त्वरणमापक असतो. हे यंत्र मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी त्याच चुका नव्या हातांनी होताना पाहून आता लिहून ठेवणे भाग वाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फीडबॅकची, म्हणजे मोजून नियंत्रकाकडे परत येणाऱ्या आकड्याची, दिशा न तपासता लूप बंद करणे (त्या आकड्यावरून नियंत्रकाला मोटर चालवू देणे). धन व्होल्टेज दिल्यावर पाटी ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने एन्कोडरचा आकडा वाढला पाहिजे. मोटरीच्या किंवा एन्कोडरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर पाटी लक्ष्यापासून जितकी दूर जाईल तितका नियंत्रक तिला आणखी दूर ढकलतो, आणि हे सर्व डोळ्याची पापणी लवायच्या आत घडते.

काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नेमके हेच झाले. दुरुस्तीहून परत आलेली केबल एका गटाने घाईघाईने जोडली, आणि सकाळपासून लिमिट स्विच (पाटी टोकाशी पोहोचली की यंत्र थांबवणारा स्विच) ‘विनाकारण’ यंत्र थांबवतो म्हणून त्याची पिनही काढून ठेवली. सुरुवातीचा आदेश शून्याचा होता, त्यामुळे काहीच हलणार नाही अशी सर्वांची खात्री होती. एका विद्यार्थ्याने पाटीवरील इमारतीच्या तिमजली प्रतिकृतीचा नट आवळून हात बाहेर घेतला, दुसऱ्याने कळ दाबली, आणि पाटी पूर्ण वेगाने टोकाच्या अडथळ्यावर आदळली. स्क्रूचे कपलिंग तुटले आणि तळमजल्याचे दोन स्तंभ कायमचे वाकले. तो हात दोन सेकंद उशिरा बाहेर आला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. लिमिट स्विच यंत्र थांबवत असेल, तर तो का थांबवतो ते शोधणे हाच त्या दिवसाचा प्रयोग असतो. स्विच काढणे हा उपाय नव्हे, आणि या बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकून घेत नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. ड्राइव्हचा (मोटरीला वीज देणाऱ्या घटकाचा) वीजपुरवठा बंद ठेवून मी स्क्रू हाताने फिरवतो आणि पडद्यावर एन्कोडरचा आकडा वाढतो की घटतो ते पाहतो. मग पाटी मध्यभागी आणून, लूप उघडा ठेवूनच, अगदी थोडे व्होल्टेज देतो. दोन्ही लिमिट स्विच बोटाने दाबून ड्राइव्ह खरोखर बंद पडतो याची खात्री करतो, आणि लूप प्रथम बंद करतो तो नेहमीच्या एक-दशांश गेनवर (नियंत्रक चुकीला किती जोराने उत्तर देतो, ते प्रमाण). याला दहा मिनिटे लागतात.

दुसरी चूक आवाज करत नाही, पण अहवालच्या अहवाल खोटे ठरवते. १८ मे १९४० च्या कॅलिफोर्नियातील भूकंपाची एल सेंट्रो येथील नोंद सर्वांना हवी असते. तिचे सर्वोच्च त्वरण सुमारे ०.३२ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) असले, तरी जमिनीचे विस्थापन सुमारे २१ सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि आमच्या पाटीला मध्यापासून दोन्हीकडे जागा आहे ती प्रत्येकी ७.५ सेंटीमीटर. अधीर विद्यार्थी मग संपूर्ण नोंद एक-तृतीयांश करून चालवतो आणि अहवालात ‘एल सेंट्रो भूकंप’ असे लिहितो. प्रत्यक्षात त्याच्या इमारतीला ०.१ जी एवढाच हादरा बसलेला असतो. प्रतिकृती मूळ इमारतीच्या १/१६ मापाची मानली, तर त्वरण तसेच ठेवून काळ चौपट आकसावा लागतो. मग विस्थापन साधारण १.३ सेंटीमीटरवर येते, आणि १ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला एकदा, डोलणाऱ्या इमारतीची प्रतिकृती ४ हर्ट्झची असावी लागते. मात्र त्याच वेळी नोंदीतील १० हर्ट्झचा घटक ४० हर्ट्झचा होतो, आणि तेथे बहुतेक लहान टेबले मागे पडतात. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या नोंदीत तर सर्वोच्च त्वरण ०.६३ जी आहे आणि जोर उच्च वारंवारितांवर आहे, त्यामुळे तिला जागा पुरते, पण नियंत्रक पुरत नाही. म्हणून संगणकाने काय मागितले ते नव्हे, तर पाटीवरच्या त्वरणमापकाने काय मोजले तेच प्रतिकृतीला बसलेला भूकंप म्हणून नोंदवावे.

त्वरणाचे दोनदा समाकलन करून विस्थापन काढताना शून्यातील सरक (पाटी स्थिर असतानाही त्वरणमापक दाखवतो तो आकडा) आधी वजा करावी. ०.०१ मीटर प्रतिसेकंदवर्ग एवढी क्षुल्लक चूकसुद्धा ३० सेकंदांत ४.५ मीटरचे खोटे विस्थापन दाखवते, आणि त्वरणमापक केवळ एक अंश कलला तरी गुरुत्वाकर्षणामुळे याच्या सतरापट चूक शिरते. हादरा सुरू होण्यापूर्वीचे पाच सेकंद मी नेहमी नोंदवून ठेवतो, ते याचसाठी.

प्रतिकृतीत स्तंभ म्हणून वापरलेल्या पट्ट्यांची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजू नये, पकडींमधील मोकळी लांबीच मोजावी. कडकपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे १८० मिलिमीटरच्या जागी २०० धरले, तर गणितातील वारंवारिता सुमारे १५ टक्के कमी येते आणि दोष उगाच अवमंदनाला (कंपन हळूहळू विरण्याच्या गुणाला) दिला जातो.

रिकाम्या पाटीवर जुळवलेले पीआयडी नियंत्रकाचे (तो चूक, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग यांवरून मोटर चालवतो) गेन प्रतिकृती चढवल्यावर पुन्हा तपासावेत. मागच्या तुकडीच्या वहीतून उतरवलेले गेन तर वापरूच नयेत. गेन ठरवण्याची १९४२ ची झीग्लर–निकल्स पद्धत मला शिकवायला आवडते, परंतु तिच्यासाठी प्रणालीला सतत दोलायमान करावे लागते, आणि ते प्रतिकृती वर असताना कधीही करू नये. डी-गेन (चुकीच्या बदलाच्या वेगासाठीचा गेन) वाढवून मोटर किणकिणू लागली, तर आधी मोजमापातील गोंगाट तपासावा. त्वरणमापक दुहेरी चिकटपट्टीने नव्हे, स्क्रूने बसवावा.

प्रत्येक हादऱ्याआधी आणि नंतर प्रतिकृतीला बोटाने हलका धक्का देऊन मुक्त कंपनाची वारंवारिता मोजावी. ती ४.० हर्ट्झवरून ३.७ वर आली असेल, तर पुढचा हादरा देण्याआधी सर्व नट तपासावेत, आणि नट घट्ट असतील तर तळमजल्याच्या स्तंभांवर सरळ पट्टी लावून पाहावी.