रिगाला जाताय? आधी कॅलेंडर बघा

लाटवियाच्या राजधानीत दोन-तीन दिवस काढायचे असतील तर तिकीट बुक करण्याआधी एवढं बघा की २३-२४ जून मध्ये येत नाहीये ना, कारण तेव्हा त्यांचा मोठा सण असतो, अर्धं शहर गावाकडे पळतं आणि बरंच काही बंद. बाकी जून एकदम भारी, रात्री दहापर्यंत उजेड. डिसेंबरात मात्र चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेरचं फिरणं सकाळीच उरका.

एअरपोर्टवरून टॅक्सी कशाला, २२ नंबरची बस थेट सेंटरला सोडते. ओल्ड टाऊन अर्ध्या दिवसात होतं. खरा वेळ द्या तो अल्बर्टा स्ट्रीटला, तिथल्या आर्ट नूव्हो (१९०० च्या आसपासची, वेलबुट्टी-नक्षीची शैली) बिल्डिंगी मान वर करून बघायच्या (बऱ्याच आर्किटेक्ट मिखाइल आयझेनश्टाइनच्या, म्हणजे सोव्हिएत फिल्म डायरेक्टर सर्गेई आयझेनश्टाइनचे वडील!), आणि सेंट्रल मार्केटला, जे झेपेलिनच्या (गॅसवर तरंगणारी महाकाय उडती जहाजं) जुन्या हँगरांचं सामान वापरून बांधलंय आणि १९३० पासून चालू आहे. शाकाहारी असाल तर तिथूनच राय ब्रेड, चीज, लोणची घ्या, जेवण झालं. ऊन असेल तर ट्रेनने युर्मालाचा बीच, अर्ध्या तासावर, मायोरी स्टेशनला उतरा. पाणी गार असतं हां, जुलैतसुद्धा.