जुन्या स्विफ्टचे स्पीकर घरीच बदलायचे असतील तर

आमची स्विफ्ट 2008 ची. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण दारातले स्पीकर फरफरायला लागले होते. दुकानात गेलं की ठरलेला सल्ला मिळतो: मागे ओव्हल (लंबगोल स्पीकर) टाका, डिक्कीत बेस ट्यूब (खालच्या आवाजाचा नळकांड्यातला स्पीकर) टाका. त्यातलं काही लागत नाही. पुढच्या दोन दारांत बऱ्यापैकी स्पीकर नीट बसवले तर घरच्या गाडीला पुरतात. स्वतःच्या, भावाच्या आणि सोसायटीतल्या मिळून दहा-बारा गाड्यांवर हे काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की पैसे स्पीकरवर कमी आणि दारावर जास्त खर्च करावेत.

खरेदीचं आधी सांगतो. खोक्यावर ठळक छापलेले 300 वॅट, 350 वॅट वाचूच नका. तो क्षणभर सोसण्याचा आकडा असतो. आत बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सलग सोसण्याची पॉवर, दिलेला असतो, तो खरा. तुमच्या स्टिरिओवर 50 गुणिले 4 लिहिलेलं असलं तरी इंजिन चालू असताना गाडीत मिळतात जेमतेम 14 व्होल्ट, आणि त्यातून चार ओहमच्या स्पीकरला सलग पोचतात पंधरा-वीस वॅट. म्हणून वेगळा अँप्लिफायर लावणार नसाल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघून घ्या. 92 डेसिबलवाला स्पीकर 89 वाल्याएवढा आवाज निम्म्या पॉवरमध्ये काढतो. घरच्या गाडीला कोअ‍ॅक्सियल घ्यावा, त्याच्या मधोमधच ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, असतो. वेगळ्या ट्वीटरसाठी जुन्या डॅशबोर्डला भोकं पाडण्यात अर्थ नाही. आणि मागच्या ट्रेवर ओव्हल मुळीच नको. हॅचबॅकचा ट्रे नुसता अडकवलेला असतो. जोरात ब्रेक लागला तर तो जड स्पीकर मागे बसलेल्या मुलांच्या डोक्याशी असतो.

दाराचं पॅड उघडणं सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढा, प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून क्लिपा सोडवा आणि पॅड वर उचला. काच फिरवायचं हँडल असेल तर त्यामागे तारेची छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत जुन्या बनियनची चिंधी घालून, बूट पुसतात तशी दोन्हीकडे ओढा. क्लिप टपकन उडते. दुसरा हात आडवा धरून ठेवा, नाहीतर ती सीटखाली शोधत बसाल. क्लिपा चार-पाच तुटणारच, नव्या आधीच आणून ठेवा.

आता खरं काम.

पॅड काढलं की पत्र्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद दिसतो. पहिल्या वेळी मी तो ओरबाडून फेकून दिला होता, कारण जवळच्या एका गॅरेजमध्ये ‘त्याचा काही उपयोग नसतो’ असं सांगितलं होतं. जुलैत ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं व्हायला लागलं. महिनाभर मी काचेचं रबर बदलत राहिलो. पाणी काचेवरून दाराच्या आत जातंच, दर पावसात जातं, आणि ते जावं अशीच दाराची रचना असते. ते आतल्या आत खाली उतरून दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. हा कागद त्या पाण्याला पॅडकडे येऊ देत नाही. त्याची खालची कड पत्र्याच्या आत खोचलेली असते, तीही तशीच परत खोचायची. कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिनचा नवा कापा आणि कडेने ब्युटाइलची (चिकट रबराची) दोरी लावून चिकटवा. साधी सेलोटेप मे महिन्यात सुटते.

त्याच पावसाने माझी दुसरी चूकही उघडी केली. स्पीकर बसवायला मी एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची, रिंग कापली होती. ती टोस्ट चहात बुडवल्यासारखी फुगली आणि स्क्रू हाताने बाहेर आले. दारात एमडीएफ कधीच नको, वर कितीही रंग मारलेला असो. 710 मार्काचा मरीन प्लाय कडांसकट वॉर्निश मारून चालतो. पण मला सगळ्यात पसंत पडला तो तुळशीबागेतला भाजी चिरायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड. जिगसॉने कापला जातो, कुजत नाही, फुगत नाही, आणि एका बोर्डात एक रिंग आरामात निघते.

रिंग कापण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं काचेचं. काच पूर्ण खाली करा आणि पत्र्याच्या तोंडापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. काच वर असताना मोजलेलं माप निरुपयोगी आहे. समजा अंतर 52 मिलिमीटर भरलं आणि रिंग 12 ची आहे, तर जागा झाली 64. त्यातून पाच मिलिमीटर मोकळे सोडून 59 पर्यंत खोलीचा स्पीकर चालतो. दुसरं माप पॅडच्या बाजूचं, आणि ते सगळे विसरतात. रिंगमुळे स्पीकर पुढे येतो, त्यात कोअ‍ॅक्सियलचा मधला ट्वीटर आणखी पुढे आलेला असतो. त्याच्या आधाराच्या पट्टीवर कणकेची छोटी गोळी चिकटवा, पॅड हाताने दाबून बसवा, परत काढा. गोळी पार चपटी झाली असेल तर रिंग पातळ करा.

आता आवाजाकडे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागे हवा ओढली जाते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की ढोलकीची थाप, बेस गिटार, सगळा खालचा आवाज आपापसात मिटून जातो. दाराच्या आतल्या पत्र्याला हाताएवढी भोकं असतात, तिथून नेमकं हेच होतं. लोक म्हणतात नवा स्पीकर पातळ वाजतो, आणि मग बेससाठी वेगळा ऊफर घेतात. ती भोकं अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या ब्युटाइल शीटने बंद करा. रिंगखाली ब्युटाइलची दोरी लावा आणि स्पीकरच्या तोंडाभोवती, पॅडला टेकेल अशी, फोमची पट्टी लावा. एक दार आधी करा आणि दुसऱ्या दाराशी तुलना करा, फरक लगेच कळेल. शीट लावण्यापूर्वी पत्रा थिनरने पुसा आणि शीट रोलरने दाबा. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते आणि वास गाडीत भरतो. दारात थर्माकोल, गोधडी, साधा स्पंज भरण्याचा सल्ला तर ऐकूच नका. ते पाणी धरून ठेवतात आणि दार आतून गंजतं. शीट लावताना तळाची निचऱ्याची भोकं झाकली जाणार नाहीत याकडे लक्ष द्या, आणि काच वर-खाली नेणारी यंत्रणा कुठे घासत नाही ना, ते काच दोनदा फिरवून पाहा.

वायरिंग थोडक्यात. कंपनीचा कपलर कापू नका, जोडणीची तयार वायर मिळते. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि पुन्हा बेस गायब होतो. खात्री करायला, स्पीकर स्टिरिओला जोडलेला नसताना, दीड व्होल्टचा सेल त्याच्या टोकांना क्षणभर लावा. पडदा बाहेर आला की सेलचा प्लस जिथे आहे तो स्पीकरचा प्लस. जोड पिळून टेप गुंडाळलेला नको, झाळून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

पॅड लावण्याआधी, दार उघडं ठेवून, काचेच्या बाहेरच्या रबरावर तांब्याभर पाणी सावकाश ओता. दाराच्या तळातून धार लागली पाहिजे आणि कागदाची आपल्याकडची बाजू हाताला कोरडी लागली पाहिजे. खालच्या कडेला ओल लागली तर कागद परत सोडवून आत खोचा, पुन्हा एक तांब्या ओता, आणि मगच क्लिपा ठोका.