व्हिएतनामी मुलांना कॅटेकिझम शिकवायचंय? आधी त्यांच्या आजीचं ऐका

वसईचे, मुंबईचे, गोव्याचे आपले बरेच लोक अमेरिकेत आले की जवळच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या विभागात, संडे स्कूलला हातभार लावतात, मुलांना कॅटेकिझम म्हणजे श्रद्धेची शिकवण देतात, आणि कॅलिफोर्निया किंवा टेक्ससमध्ये असाल तर काही पॅरिशमध्ये वर्गात निम्मी मुलं व्हिएतनामी निघू शकतात. मी सॅन होजेत हेच करतोय, बरीच वर्षं झाली. सुरुवातीला कोणी काही सांगितलं नव्हतं, चुकत चुकत शिकलो, म्हणून नवीन कोणी करणार असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या वर्षी मी सगळं इंग्लिशमध्ये शिकवलं. मुलं हुशार, पाठांतर चोख, पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीची, तोंडी परीक्षा सगळे पास. मग वर्गातल्या एका मुलाचे आजोबा वारले, घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होती, मी गेलो. पन्नासेक माणसं एका लयीत प्रार्थना म्हणत होती, अर्धी खोली पहिला भाग म्हणते, अर्धी दुसरा, आणि माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी आजीच्या शेजारी ओठ मिटून बसलेला. त्याला इंग्लिशमधली ‘नमो मारिया’ येत होती, पण आजीची, व्हिएतनामीतली, येत नव्हती. तेव्हापासून माझं माप एकच, मुलाला आजीच्या शेजारी बसून प्रार्थना म्हणता आली पाहिजे. तेवढं झालं तर बाकीचं पुस्तक त्याच्यावर चढवता येतं, ते झालं नाही तर सोळाव्या वर्षी कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार, करून मुलगा चर्चच्या बाहेर पडतो.

तर आधी ही माणसं कुठून आलीत ते समजून घ्या. १९५४ साली देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेकडचे लाखो लोक, त्यात बहुसंख्य कॅथलिक, घरदार सोडून दक्षिणेत गेले, कित्येक ठिकाणी अख्खं गाव आपल्या फादरबरोबर. मग ३० एप्रिल १९७५ला दक्षिणेची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडलं आणि तीच कुटुंबं पुन्हा निघाली, कोणी विमानाने, कोणी पुढच्या वर्षांत छोट्या बोटींतून. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलाच्या आजीने दोनदा सगळं सोडलेलं असू शकतं. ही गोष्ट तिला पहिल्या भेटीत विचारू नका. ती सांगेल तेव्हा सांगेल, कदाचित तीन वर्षांनी चर्चच्या किचनमध्ये भाजी निवडताना.

उच्चारावरूनही कळतं हं. येशूचं नाव व्हिएतनामीत लिहितात एकच, पण उत्तरेकडचे ते ‘झेसू’ म्हणतात आणि दक्षिणेकडचे ‘येसू’. मी पहिल्यांदा ‘येसू’ ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, इतकं घरचं वाटलं. एकाच वर्गात दोन्ही घरची मुलं असतात, तेव्हा एकाचा उच्चार बरोबर आणि दुसऱ्याचा चूक असं कधीही म्हणू नका.

हाक मारण्याचं प्रकरण मोठं आहे. त्यांच्या भाषेत इंग्लिशसारखं सगळ्यांना चालणारं ‘मी-तू’ रोजच्या बोलण्यात नसतंच म्हटलं तरी चालेल, नातं ठरतं आणि मग सर्वनाम ठरतं. फादरला ‘चा’ म्हणजे बाप, आणि त्यांच्याशी बोलताना ऐंशी वर्षांची बाईसुद्धा स्वतःला ‘कॉन’ म्हणते, म्हणजे लेकरू. मोठ्या मुलाला ‘आन्ह’, मुलीला ‘ची’, आपल्या दादा-ताईसारखं. आपल्याला हे जड जात नाही, आपण काका-मावशी-आजी करतच वाढलोय, त्यामुळे लाजू नका, पहिल्याच आठवड्यात को-टीचरला विचारून घ्या की मला मुलं काय म्हणतील आणि मी त्यांच्या आईबापांना काय म्हणू. लहान मुलं दोन्ही हात छातीवर घडी घालून वाकून नमस्कार करतात, तेव्हा नुसतं ‘हाय’ करून पुढे जाऊ नका, थांबा, मान लववून उत्तर द्या.

आणि एक, आईबाप तुम्हाला जरा जास्तच मान देतील. ह्याला इतिहास आहे. सतराव्या शतकात तिथे परदेशी धर्मगुरू मोजके आणि त्यांना सारखं हद्दपार करायचे, त्यामुळे चर्च चालवलं ते स्थानिक कॅटेकिस्टांनी, म्हणजे श्रद्धा शिकवणाऱ्या साध्या माणसांनी. फादर अलेक्झांडर द ऱ्होड्सने त्यांचा संघच बांधला होता. त्यांच्यातला फू येनचा आंद्रे, साधारण १९ वर्षांचा पोरगा, २६ जुलै १६४४ला मारला गेला कारण तो श्रद्धा सोडायला तयार नव्हता. २००० साली त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तिकडचे कॅटेकिस्ट त्याला आपला आश्रयदाता मानतात. मोठ्या मुलांना हे सांगाच, कारण त्यांच्या वयाचा आहे तो, बिशप नाही, फादर नाही, संडे स्कूलचा टीचर.

हे द ऱ्होड्स व्हिएतनामला जायच्या आधी १६१९ साली गोव्यात उतरले होते. त्याच गोव्यात त्याच्या तीनच वर्षं आधी फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं होतं, लोकांच्या भाषेत, ओव्यांत. द ऱ्होड्सनी पुढे १६५१ला रोममध्ये आठ दिवसांचा कॅटेकिझम छापला, एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला व्हिएतनामी, आज मुलं जी लिपी शिकतात तिचंच जुनं रूप. ती लिपी एकट्या त्यांची नाही, आधीच्या पोर्तुगीज जेझुइट फादरांची आणि स्थानिक लोकांची मेहनत त्यात आहे. पण बघा ना, दोन्हीकडे सुरुवात एकाच गोष्टीने झाली, लोकांच्या जिभेवरची भाषा आधी.

आता प्रत्यक्ष शिकवायचं कसं. प्रार्थना कागदावरून शिकवू नका, कानावरून शिकवा. व्हिएतनामी सुरांची भाषा आहे, एकच अक्षर सूर बदलला की दुसरा शब्द, आणि प्रार्थना म्हणताना ते बोलत नाहीत, एका ठरलेल्या चालीत आळवतात. त्यामुळे पहिला होमवर्क असा द्या की घरी आजीने किंवा आईने ‘आमच्या बापा’ म्हणावं आणि मुलाने फोनवर रेकॉर्ड करावं. वर्गात दोन-तीन रेकॉर्डिंग लावा. मुलं खुश होतात, आपल्या आजीचा आवाज स्पीकरवर! मग ओळ-ओळ मागून म्हणायला लावा, दर वर्गात पाच मिनिटं, जास्त नाही. लिहून द्यायचं तर त्यांच्या खऱ्या लिपीत खुणांसकट लिहा, इंग्लिश स्पेलिंगमध्ये मोडून लिहिलं की सूर जातो आणि मूल कायमचं चुकीचं शिकतं. तुम्हाला भाषा येत नसेल तरी चालेल, मला आजही धड येत नाही, तुम्ही मुलांबरोबर शिका, त्यांच्यापुढे म्हणून दाखवा आणि आजीकडून दुरुस्त करून घ्या. अर्थ मात्र इंग्लिशमध्येच समजवा. मुलाचं डोकं इंग्लिशमध्ये चालतं, त्याला ‘कृपा’ म्हणजे काय हे परक्या शब्दांत सांगून उपयोग नाही.

अर्थ सांगताना मराठी माणसाच्या हातात एक गोष्ट आहे जी इथल्या इंग्लिश टीचरकडे नाही. आपण ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणतो, ‘आपल्या’ नाही, कारण ज्याच्याशी बोलतोय त्याला त्या ‘आम्ही’त धरत नाही. व्हिएतनामीत अगदी हाच फरक आहे, ‘चुंग ता’ म्हणजे आपण सगळे आणि ‘चुंग कॉन’ म्हणजे आम्ही लेकरं, आणि प्रार्थनेत ‘चुंग कॉन’ येतं. इंग्लिशच्या एका शब्दात हे दोन्ही बुडून जातं. मुलांना विचारा, घरी बाबांशी बोलताना स्वतःला काय म्हणता? ते म्हणतील ‘कॉन’. मग सांगा, देवाशी बोलतानाही तोच शब्द आहे. एवढ्यावर एक अख्खा तास जातो आणि जाऊ द्या, अभ्यासक्रमाचं पान मागे राहिलं तरी चालेल.

घरच्या वेदीबद्दल प्रश्न येणारच. बहुतेक घरांत वर क्रूस, मारियेची मूर्ती, आणि खाली पणजोबा-आजोबांचे फोटो, फुलं, कधी उदबत्ती. एखादा मुलगा शाळेत कोणाकडून तरी ऐकून येतो की हे मूर्तिपूजा आहे. स्पष्ट उत्तर द्या. ह्यावर चर्चमध्ये फार जुना वाद होता, पण १९६०च्या दशकात व्हिएतनामच्या बिशपांना रोमकडून परवानगी मिळाली आणि पूर्वजांना मान देण्याच्या रीती कॅथलिक घरांत रीतसर आल्या. क्रूस वर आणि फोटो खाली, हा क्रमच अर्धं उत्तर आहे. बाकीचं अर्धं चौथ्या आज्ञेत आहे, आईबापाचा मान राख. चौथी आज्ञा शिकवायच्या दिवशी मुलांना त्या फोटोंतल्या माणसांची नावं विचारून यायला सांगा, बहुतेकांना माहीत नसतात. मग वर्गात त्या नावांसाठी प्रार्थना करा.

ख्रिस्तप्रसाद शिकवताना मी कार्डिनल न्गुयेन वान थुआन ह्यांच्यापासून सुरू करतो. १९७५ला अटक, तेरा वर्षं कैद, त्यातली नऊ एकांतात. त्यांनी घरी निरोप पाठवला की पोटदुखीचं औषध पाठवा, घरच्यांनी ओळखलं आणि औषधाच्या बाटलीतून वाइन पाठवली. तळहातावर वाइनचे तीन थेंब, पाण्याचा एक, आणि मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना. मी हे सांगतो आणि मुलांना आपापला तळहात उघडून बघायला लावतो, वर्ग शांत होतो. त्यानंतर ‘पवित्र’ शब्द समजवायला फार बोलावं लागत नाही.

व्हिएतनामच्या ११७ हुतात्म्यांचा सण २४ नोव्हेंबरला असतो, १९८८ला पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना संत घोषित केलं. लहान मुलांना छळाची वर्णनं नकोत, एकेका मुलाला एकेक संत वाटून द्या, तो कोण होता, काय काम करायचा, एवढंच. त्यांच्यात शेतकरी, शिंपी, सैनिक, डॉक्टर, सहा मुलांची आई आग्नेस ले थी थान्ह, सगळे आहेत.

रंगीत स्कार्फ घातलेली मुलं दिसतील, ती ‘थिएउ न्यी थान्ह थे’, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची बालसेना म्हणा. लहानांचा हिरवा, मग निळा, मग पिवळा, लीडरचा लाल. खेळ, गाणी, कॅम्प, आणि चार गोष्टी: प्रार्थना, कम्युनियन, त्याग, सेवाकार्य. ह्यांच्याशी स्पर्धा करू नका, त्यांच्या लीडरला आपल्या वर्गात मदतनीस घ्या. सतरा-अठरा वर्षांचा व्हिएतनामी दादा जे सांगतो ते मुलं जितकं ऐकतात तितकं तुमचं-माझं ऐकणार नाहीत.

पापनिवेदनाला टीनेजर अडतात. ज्या फादरला ‘चा’ म्हणतो आणि जे घरी जेवायला येतात त्यांच्यापुढे बोलायची लाज वाटते. जबरदस्ती नको. शेजारच्या पॅरिशच्या कन्फेशनच्या वेळा लिहून द्या, आणि इंग्लिशमध्ये केलं तर चालतं का ह्याचं उत्तर ‘हो’ असं खणखणीत द्या, घरी कोणीतरी नाही म्हटलेलं असतं.

डायोसिसचं, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताचं, मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक केल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवू नका, आणि मुलाबरोबर एकटे कधी थांबू नका. आईबाप मान देतात म्हणून विचारणार नाहीत, म्हणूनच आपण जास्त जपायचं.

आणि तेत, त्यांचं नवं वर्ष. ह्याची तयारी महिनाभर आधी. पहिल्या दिवसाची मिस्सा वर्षाच्या शांतीसाठी, दुसऱ्याची पूर्वजांसाठी, तिसऱ्याची कामधंद्यावर आशीर्वादासाठी. कधी उपवासकाळात येतो, २०१८ला तर शुक्रवारीच, म्हणजे मांस वर्ज्य असलेल्या दिवशी, आला होता आणि बऱ्याच बिशपांनी मांस खायची सूट दिली होती, त्यामुळे कॅलेंडर आधी बघून ठेवा. मिस्सेनंतर फुलांच्या फांदीवर बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्या टांगतात, प्रत्येकाने एक तोडून घ्यायची, वर्षभरासाठी. त्या चिठ्ठ्या तुमच्या वर्गाकडून लिहून घ्या, एका बाजूला व्हिएतनामी, मागे इंग्लिश. अक्षर मोठं काढायला सांगू नका, लहानच असू द्या. आजी चिठ्ठी तोडते, चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि नातवापुढे धरते.