२० टक्के, पण कशाचे?

कामावर जखमी झालेला माणूस आमच्या ऑफिसात फोन करतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वकील किती घेणार?" मी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कामगार भरपाईच्या फायली सांभाळते. मी सांगते, किती ते नंतर, आधी कशावर ते विचारा.

आकडा कायद्यानेच बांधून दिलाय. इथे मिळालेल्या भरपाईच्या २० टक्क्यांपर्यंत फी, त्याहून जास्त हवी असेल तर वकिलाने कामगार भरपाई कमिशनपुढे (हे दावे ऐकणारी राज्याची संस्था) सुनावणीला उभं राहायचं. जॉर्जियात हीच मर्यादा २५ टक्के आहे.

आता समजा, खांद्याच्या दुखापतीचं सेटलमेंट ४०,००० डॉलरला झालं. फी ८,०००. ऑपरेशनचं बिल विमा कंपनीने वाद न घालता भरलं असेल, तर त्यावर फी नाही. घरी बसलेल्या काळात दर आठवड्याला सरासरी पगाराचे दोन तृतीयांश पैसे येतात. ते वेळेवर आणि पूर्ण येत असतील तर त्यातूनही काही कापायचं नाही. ते थांबले आणि वकिलाने भांडून चालू करून घेतले, तर मात्र फी लागू शकते.

खर्च निराळा. हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या प्रती, डॉक्टरांची जबानी (डॉक्टर वेळेचे पैसे लावतात, आणि चांगले घसघशीत). खर्च १,५०० झाला तर तुमच्या हातात ३०,५००. केस हरली तर हा खर्च कोणाच्या माथी, हे सही करायच्या आधी विचारून घ्या.

सेटलमेंटच्या छापील फॉर्मवर एकूण रक्कम, वजा फी, वजा वैद्यकीय अहवाल आणि एक्स-रे, वजा इतर, आणि मग कामगाराला मिळणारी रक्कम, अशा ओळी असतात. 'इतर'समोर आकडा दिसला की पावत्या मागा. वकिलाला राग येईल म्हणून गप्प बसणारे फार बघते मी.

फी कमी म्हणजे आपला फायदाच, असंही नाही. फ्लोरिडात एका वकिलाच्या १०७.२ तासांच्या कामाला कायद्यातल्या फीच्या तक्त्याप्रमाणे १६४.५४ डॉलर बसले, म्हणजे तासाला दीड डॉलर! एवढ्यावर लहान केस कोण घेणार? २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो सक्तीचा तक्ता घटनाबाह्य ठरवला.

वकील बदलायचा असेल तर दुप्पट फीची भीती नको. जुना आणि नवा त्याच २० टक्क्यांत वाटून घेतात. पण दुसऱ्याच कंपनीच्या ट्रकने धडक दिली असेल, तर त्या कंपनीवरचा दावा वेगळा. तिथे ही मर्यादा नाही, बहुतेक वकील एक तृतीयांश मागतात. त्याचा करार स्वतंत्र कागदावर करा.