मळणीनंतरचा सल्ला: भिंतीत भरायचा पेंढा आधी खळ्यावर वाळवा

मळणी उरकली की खळ्यावर दोन ढीग राहतात. धान्याचा ढीग पोत्यांत जातो आणि पेंढा, तूस, धसकटं यांचा ढीग बहुतेक वेळा काडीपेटीच्या वाटेला लागतो. यंदा तो पेटवण्याआधी थोडं थांबा. घर, गोठा किंवा धान्याची खोली उन्हाळ्यात तापू नये आणि थंडीत गारठू नये, म्हणून भिंतीत आणि छतात भरायला हाच माल उपयोगी पडतो. मात्र तो टिकेल की कुजेल हे मळणी ते पहिला पाऊस एवढ्याच दिवसांत ठरतं. त्यात चूक झाली तर पुढे कुठलंही यंत्र ती सुधारू शकत नाही.

काडी पोकळ असते, तुसाची टरफलं एकमेकांवर आडवीतिडवी पडतात, आणि मधल्या पोकळ्यांत हवा अडकून राहते. ही स्थिर हवाच उष्णता अडवते. उष्णता किती सहज वाहते याचा आकडा विटेसाठी साधारण 0.6 ते 0.8 वॅट प्रति मीटर-केल्विन असतो, तर कोरड्या तुसासाठी 0.05 च्या आसपास. म्हणजे तुसाचा 10 सेंटीमीटरचा थर एक मीटरहून जाड विटेच्या भिंतीएवढा आडोसा देतो. पण त्या पोकळ्यांत पाणी शिरलं की हा गुण जातो, कारण पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून अधिक सहज वाहते. कुजणं तर त्याच्याही पुढचं.

म्हणून पहिलं काम वाळवण्याचं. दव पूर्ण उडाल्यावरच काड उचला, सकाळच्या घाईत गासड्या बांधू नका. ओलावा 15 टक्क्यांच्या आत असावा. 20 टक्क्यांच्या वर गेलेला माल भिंतीसाठी घेऊच नये. तपासणी सोपी आहे. गासडीच्या पोटातून 100 ग्रॅम काड काढा (वरच्या थरातलं नको, ते नेहमीच कोरडं लागतं) आणि 105 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. 86 ग्रॅम उरलं तर ओलावा 14 टक्के. रचलेल्या गंजीत हात घालून ऊब लागली तर ती त्याच दिवशी मोडा. ओल्या गंजीत जिवाणू वाढतात, आतून ताप चढत जातो, आणि अशा गंज्या आपोआप पेट घेतात.

गासडी घट्ट हवी. 90 × 45 × 35 सेंटीमीटरची कोरडी गासडी 15 किलोच्या आसपास भरली पाहिजे. हलकी भरली तर ती भिंतीत खचते, वर फट पडते आणि तिथूनच उष्णता आत येते. काडात दाणे राहिले असतील तर उंदीर येणारच, तेव्हा नीट झोडपलेलंच काड निवडा. गासड्या जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी ओंडके, वर ताडपत्री आणि बाजूंनी वारा, अशी रचना हवी. ताडपत्रीने चारी बाजू गुंडाळल्या तर आतली वाफ आतच राहते आणि माल बुरशी धरतो.

सगळा कचरा सारखा नसतो. भाताचं तूस मला सर्वांत भरवशाचं वाटतं. त्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते सहजी कुजत नाही, आणि चाळून थेट पोकळीत भरता येतं. ते भडकत नाही, पण धुमसत राहतं, म्हणून विजेची तार आणि धुराडं त्यापासून लांब ठेवा. उसाच्या चिपाडापासून उष्णता अडवणारे बोर्ड अमेरिकेतल्या लुइझियानात 1920 च्या दशकातच बनू लागले होते. पण गाळपानंतर चिपाडात निम्मं वजन पाण्याचं असतं आणि थोडी साखरही उरते, त्यामुळे ते लवकर आंबतं. बुरशी आलेल्या चिपाडाची धूळ फुप्फुसात गेली तर बगॅसोसिस नावाचा आजार होतो. नाकातोंडावर मास्क बांधल्याशिवाय त्या ढिगाला हात लावू नका. नुसता रुमाल पुरत नाही.

लाकडाचा भुसा, रंध्याचे छिलके, छाटलेल्या फांद्या, कपाशीच्या पऱ्हाट्या यांचे बारीक तुकडे चुन्यात कालवून साच्यात ठोकता येतात. सिमेंट वापरणार असाल तर तुकडे आधी गरम पाण्यात भिजवून धुऊन घ्या, कारण लाकडातली साखर आणि टॅनिन सिमेंटला घट्ट होऊ देत नाहीत. हिरवा पाला यात घालू नका, त्याची जागा शेतातच आहे. थोडं काडही रानातच राहू द्या, मातीला ते लागतं.

दाबून केलेले लाकूडतंतूंचे बोर्ड शेतावर करायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात उष्णता आणि दाबाने लाकडातलं लिग्निनच डिंकासारखं काम करतं, पण त्यासाठी कारखान्याची यंत्रं लागतात. असा कारखाना तुमचा माल घेत असेल तर प्रत्येक पिकाचा ढीग वेगळा ठेवा, आणि त्यात खडे, माती, प्लास्टिकची सुतळी येऊ देऊ नका.

स्वतः करून बघायचं असेल तर राहत्या घरापासून सुरुवात करू नका. एखाद्या कोठाराच्या छताखाली तुसाचा थर द्या. भिंतीत गासड्या रचायच्या असतील तर पाया जमिनीपासून वीतभर तरी उंच घ्या आणि छपराची वळचण चांगली पुढे काढा. बाहेरून माती किंवा चुन्याचा गिलावा करा. सिमेंटचा गिलावा आत शिरलेली ओल बाहेर सोडत नाही. टाकणखार आणि बोरिक आम्लाने आग आणि कीड रोखता येते, पण ती द्रव्यं पाण्याने धुऊन जातात, म्हणून त्यांचा उपयोग फक्त आतल्या, कोरड्या जागी. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की गिलाव्याला पडलेल्या चिरा शोधा आणि पुढची सर यायच्या आत त्या बुजवा.